धोंड्यातलं वल्हं

धोंड्याच्या महिन्यात जावयाचे पाय धुतात. मीही धुतले. पितळेची परात, कोमट पाणी, त्यात तुळशीची पानं, आणि पाटावर बसलेला जावई मोबाइलमध्ये डोकं घालून. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा चोळताना माझी नजर कोपऱ्यातल्या वरवंट्यावर गेली. उचलावा आणि हे नख ठेचावं, असं अगदी स्वच्छ मनात आलं. खोटं कशाला सांगू? मग मी पाय पुसले, कुंकवाचं बोट लावलं, वाकून नमस्कार केला. तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "मामी, पानी जरा गरम व्हतं."

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्या तापीकाठच्या गावांत त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी. दोघांना जोडीनं बोलवायचं, जोडीनं पाटावर बसवायचं, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढायचा, अनारशांचं ताट दिवा लावून जोडीच्या हातात द्यायचं. त्या वर्षी हा महिना उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. आंबे पिळून पिळून माझी मनगटं भरून आली होती, आणि प्रत्येक आंबा पिळताना मी कुणाची मान डोळ्यांसमोर आणत होते ते सांगायला नको.

आमची लक्ष्मी मात्र चैत्रातच माहेरी आली होती, गळ्याखालचं हाड मोडून. भाजी निवली म्हणून नारायणानं बसायचा लाकडी पाट उचलून तिच्यावर फेकला होता. मारायची ही पहिली वेळ नव्हती, हाड मोडायची पहिली होती. तिला नंदुरबारला दवाखान्यात नेलं, हात गळ्यात बांधून घरी आणलं, आणि आठवडाभरात आमच्या ओसरीवर भाऊबंदांची बैठक बसली. आमचे चुलत सासरे मधोमध. लेकीला बाहेर बोलावलं. तिनं कुणाला न घाबरता सगळं सांगितलं. पाट, त्याच्या आधीचा कमरेचा पट्टा, त्याच्या आधी भिंतीवर आपटलेलं डोकं. कानशिलाजवळची खूण केस बाजूला करून दाखवली. सगळ्यांनी माना हलवल्या, चहा घेतला, आणि चुलत सासरे म्हणाले, "भांडाले भांडं लागसच बेटा. नांदतं घर मोडू नही." मग ठरलं ते असं, की धोंड्यात जावयाला बोलवायचं, मानपान करायचा, चार दिवस फिरवून आणायचं, त्याचा रुसवा काढायचा आणि लेकीला त्याच्यासोबत वाटेला लावायची.

म्हणजे मार खाल्ला पोरीनं आणि रुसला तो. मी त्या बैठकीत तोंड उघडलं होतं. मी सगळी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवली, छडीवाली बाई म्हणून चार गावांत माझं नाव आहे. मला गप्प बसायची सवय नाही. मी म्हणाले, मन्ही आंडेर जावाव नही, माझी लेक जाणार नाही. त्यावर आमचे हे, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांसमोर म्हणाले, "तू मधमा बोलू नको, घरमा जाय." रात्री जेवताना मी पुन्हा तेच म्हणाले तर यांनी ताट भिरकावलं. कढी भिंतीवरून खाली ओघळत राहिली. आमच्या घरात भांडी अशीच पोचे पडलेली आहेत, नवीन पाहुणा आला की मी मागची बाजू पुढे करून ठेवते.

लेक मला एकदाच म्हणाली होती, "माय, मले धाडू नको." मी म्हणाले, मी जिवंत आहे तोवर नाही धाडत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मिरच्यांचे देठ खुडायला लागली. माझ्या शब्दाला त्या घरात केवढं वजन आहे, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

फिरायला कुठे जायचं हे जावयानंच ठरवलं. खांडबाऱ्याच्या पुढे, नवापूरच्या अंगाला, तापीच्या धरणाचा फुगवटा पसरला आहे. तिथे काठावर कुणीतरी तंबू टाकले होते आणि कयाक नावाच्या होड्या आणल्या होत्या. दोन माणसांची, रंगीत प्लॅस्टिकची, वरून उघडी होडी. प्रत्येकाच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं. जावयानं मोबाइलवर पाहिलं होतं. त्याला ते हवं होतं, म्हणून यांनी दोन दिवसांचे दोन तंबू घेतले. मुलगा सुरतेला नोकरीला, त्याला सुट्टी मिळाली नाही. निघालो आम्ही चौघंच. तिथून परस्पर जावई लेकीला घेऊन त्याच्या गावी जाणार होता. तिची बॅग त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवलेली होती. ती मी भरलेली नव्हती, यांनी भरली होती. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं कुणाच्या साड्यांच्या घड्या घातल्या.

उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी मागे हटतं. वाळलेला, भेगा पडलेला गाळ तुडवत बरंच खाली जावं लागलं. ऊन असं, की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं. होडीवाला तिथल्याच गावचा, पोक्त माणूस, घरी आदिवासींची कोकणी बोलणारा, आमच्याशी मात्र शाळेतल्यासारखं मराठी बोलला. आम्हाला जॅकेटं घातली, पट्टे आवळले. लेकीच्या मोडलेल्या हाडावर पट्टा आला तेव्हा तिनं दात ओठावर दाबले, बाकी काही नाही.

"हे जॅकेट असलं की माणूस बुडत नाही," होडीवाला म्हणाला. "उलटलात तर घाबरायचं नाही, तरंगत राहायचं, मी येतो. आणि एक ऐका. ज्याला जमेल तो मागे बसेल. दिशा मागच्याच्या हातात असते. पुढच्यानं नुसतं पाणी ओढायचं."

जावई मागच्या जागेकडे निघाला होता. आमच्या यांना ते बघवलं नाही. "पाव्हणा मांगे बठतीन?" हे ओरडले. "काय बोलस भाऊ! पाव्हणा पुढे बठतीन. मांगे बाई बठी."

होडीवाल्यानं पुन्हा सांगून पाहिलं, की इथे पुढे-मागे असा मान नसतो. पण बैलगाडीत पुढे कोण, मोटरसायकलवर पुढे कोण, गाडीत पुढे कोण, हे ज्यांच्या हाडात बसलंय त्यांना पाण्यात काय वेगळं सांगणार? जावई पुढे बसला, लेक मागे. आमच्या होडीत हे पुढे बसले, मी मागे. होडीवाल्यानं खांदे उडवले आणि आम्हाला पाण्यात ढकललं.

पहिला काही वेळ मला मजा वाटली, हेही लिहिलं पाहिजे. आयुष्यात मी कधी होडीत बसले नव्हते. वल्हं उजवीकडे मारलं की होडी डावीकडे वळते, डावीकडे मारलं की उजवीकडे, एवढं मला लवकर उमगलं. हे पुढे बसून छाती काढून पाणी ओढत होते आणि "डावीकडे ले, उजवीकडे ले" असा हुकूम सोडत होते, आणि होडी मात्र मी वळवीन तिकडे जात होती. यांना वाटत होतं तेच चालवताहेत. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं माझ्या मनासारखं कुठेतरी चाललो होतो. मला हसू येत होतं.

लेकीलाही जमत होतं. तिची होडी आमच्या शेजारून गेली तेव्हा तिच्या तोंडावर थोडं पाणी उडालं होतं आणि ती हसली. चैत्रानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग जावयाला शर्यत सुचली. दूर पाण्यात एक लाल ड्रम तरंगत ठेवला होता, तिथवर. यांनी लगेच होकार दिला आणि मान मागे वळवून मला दटावलं, "हयू मार. जवाईले जितू दे." मानपानात हेही आलं. म्हणून आम्ही मागे राहिलो, आणि म्हणून पुढे जे झालं ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसलं.

जावई अंगात वारं शिरल्यासारखा वल्हं मारत होता, पण एकाच बाजूनं. त्यामुळे होडी फिरत होती. लेक मागून ती सरळ करायला बघत होती. एका हाडानं अधू असलेली पोर, ती किती सरळ करणार? होडी गोल फिरली. काठावर दुसऱ्या कुठल्या तरी घरची माणसं बसली होती, ती हसली. पाण्यावरून हसू फार स्वच्छ ऐकू येतं. जावयानं मागे न बघता शिवी दिली. "आंधयी शे का? सरय धर!" तिनं धरली. होडी पुन्हा फिरली. काठावर पुन्हा हसले.

त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तसाच बसून त्यानं वल्ह्याचं मागचं पातं खांद्यावरून मागे मारलं. खाटकन आवाज झाला. पातं तिच्या तोंडावर बसलं. लगेच दुसऱ्यांदा, आणखी जोरानं. आणि माझी लेक ओरडली नाही. तिनं वल्हं मांडीवर ठेवलं, मान खाली घातली, दोन्ही कोपर कानांवर घेतले आणि तिसऱ्याची वाट बघत बसली. किती सवयीनं केलं तिनं ते! शाळेत माझ्या छडीखाली पोरं तळहात पुढे करायची तशा सवयीनं. बैठकीत तिनं सगळं सांगितलं होतं, मी शब्द न् शब्द ऐकला होता, पण ते कोपर कानांवर घेणं तिनं सांगितलं नव्हतं.

तिसरा फटका मारायला तो वळला आणि होडी उलटली.

दोघं पाण्यात. जॅकेटं होती, दोघं लगेच वर आले. तोंडातलं पाणी थुंकत त्यानं आधी काठाकडे पाहिलं, तिथली माणसं उभी राहिली होती. मग त्यानं तिची वेणी धरली आणि तिचं डोकं पाण्याखाली दाबलं. जॅकेट तिला वर आणायचं. तो पुन्हा दाबायचा. जॅकेट पुन्हा वर आणायचं. वर आली की ती एक श्वास घ्यायची, तोंडातून रक्ताचं लाल पाणी, की परत खाली. तो धुणं बुडवावं तसा बुडवत होता.

मी किंचाळले. आमचे हे वल्हं आडवं धरून थिजले होते. मग यांना कंठ फुटला. काय फुटला? "मधमा पडू नको! नवरा-बायकोनं शे ते! कडले चाल, कडले!" आणि यांनी खरंच उलटं वल्हं मारायला सुरुवात केली, काठाकडे जायला. म्हणजे लेक बुडत असताना बापानं पाठ फिरवायची, कारण नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये. मी या माणसाला खूप वर्षं ओळखते. पण त्या क्षणी त्याची ती ओली मान समोर होती आणि मला वाटलं, पहिला फटका इथेच घालावा.

घातला नाही. दिशा माझ्या हातात होती. मी वल्हं पाण्यात खुपसून होडी फिरवली. हे उलटं ओढत होते, मी सुलटं. हे म्हातारपणाकडे झुकलेले, आणि माझ्या अंगात त्या घडीला सात बैल होते. होडीचं टोक मी त्याच्या पाठीवर धरलं आणि सोडलं नाही. धाडकन जाऊन ते त्याच्या खांद्यात घुसलं. त्याच्या हातून वेणी सुटली.

इथे मी थांबले असते तर लोक म्हणाले असते, आईनं लेकीला वाचवलं. मी थांबले नाही. मी वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. पातं प्लॅस्टिकचं, पण दांडा लोखंडाचा. दुसरा फटका कानावर बसला, कान फाटला. तिसरा चेहऱ्यावर. तो हात वर करायचा, मी हातावर मारायचे. तो बुडी मारून सुटायला बघायचा, तर ज्या जॅकेटानं लेकीला वर आणलं तेच जॅकेट त्यालाही माझ्यापुढे वर आणायचं. "मामी! मामी!" असं ओरडत होता. मी त्याला पाटाचा एक मारला, पट्ट्याचा एक, भिंतीचा एक, आणि मग कशाचा हे मला आठवेना तरी मारत राहिले. आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. पाण्यावर लाल तवंग पसरत होता आणि माझ्या छातीवरून कुणीतरी जातं उचलल्यासारखं हलकं वाटत होतं.

पुढच्या फटक्याला वल्हं खाली येईना. लेकीनं ते पात्याशी धरलं होतं. ओठ फाटलेला, डोळे लाल, खोकत खोकत ती ओरडत होती, "माय, बस! मरी जाई तो! बस ना माय!" मी वल्हं ओढलं. तिनं सोडलं नाही. ती त्याच्यासाठी रडत नव्हती, ती मला तुरुंगातून ओढून काढत होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी तिलाच शिवी दिली.

तेवढ्यात हे मागे वळून माझ्या अंगावर झेपावले आणि आमचीही होडी उलटली. आता चौघंही पाण्यात, चार भोपळे तरंगावेत तसे. यांनी माझा अंबाडा धरला आणि पाण्यातच माझ्या थोबाडीत मारली. एक. दोन. मी यांच्या हाताचा चावा घेतला. सुट्टीला आलेलं आमचं कुटुंब. काठावरची माणसं आता हसत नव्हती.

होडीवाला शिट्टी फुंकत, वल्हवत आला. एकेकाला ओढून त्यानं काठावर नेलं. लेकीला आपला टॉवेल दिला आणि जावयाला दिला नाही.

काठावर जावई कान धरून गाळात बसला. बोटांतून रक्त गळत होतं. मला वाटलं होतं आता उठेल आणि मारेल, मी तयार होते, गाळातला एक दगडही हाताशी धरला होता. पण तो माझ्याकडे बघून मागे सरकला. आमचे हे त्याच्यापुढे हात जोडून उभे. "पाव्हणा, माफी करा. डोकं फिरनं तिन्हं. पाव्हणा, मी पाय धरस तुमना." आणि खरोखर वाकले. गाळानं भरलेल्या त्याच पायांवर. लेक दातांखाली टॉवेल धरून बापाकडे बघत होती. जावई कसाबसा उठला, गाडीत बसला आणि एकटाच निघून गेला. डिकीतली तिची बॅग तशीच गेली.

ओल्या कपड्यांनी आम्ही तिघं एसटीनं घरी आलो. मी मनात म्हणत होते, सुटली पोर. एवढा मार खाऊन आता कुठला येतोय न्यायला.

मी मूर्ख. माणसं मान सोडतात पण राबणारी बाई सोडत नाहीत. तीन-चार दिवसांत लेकीच्या नणंदेचा फोन आला. जावयानं घरी एवढंच सांगितलं होतं, "त्यासनी मले मारं." कुणी मारलं, का मारलं, काही नाही. त्याची आई जेवली नव्हती म्हणे. धोंड्याच्या महिन्यात जावयावर हात, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नाही म्हणे. आमचे हे पेढ्यांचा खोका घेऊन जावयाच्या गावी गेले आणि संध्याकाळी अटी घेऊन परतले. रविवारी आपल्या ओसरीवर बैठक. ज्यानं हात उचलला त्यानं सगळ्यांसमोर जावयाचे पाय धरायचे. आणि महिना संपायच्या आत लेक त्याच दिवशी सोबत जाईल.

"पाय धरते," मी म्हणाले. "पाहिजे तर धुते पुन्हा. पण पोर जाणार नाही."

यांनी हातातला पाण्याचा पेला फेकला. तो माझ्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीवर आदळला. "ती जाई!" हे ओरडले. "नही गयी तं मी गयफास लिसू!" मी म्हणाले, "दोर आणून देऊ का?" त्या घरात त्या आठवड्यात जे जे बोललं गेलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दिवसा आम्ही दोघं भांडायचो आणि लेक अंगणात वर्षाच्या मिरच्यांचे देठ खुडत बसायची. बोटं लाल, डोळे लाल, सुजलेला ओठ काळा पडलेला. शनिवारी तिनं मला एकच गोष्ट विचारली.

"माय, कोनी मारं ते त्यानी आजून सांगं नही ना?"

"नही," मी म्हणाले. "कसा सांगेल? सासूचा मार खाल्ला म्हणून कोणत्या तोंडानं सांगेल?"

तिनं मान हलवली आणि दुसरं टोपलं ओढलं.

रविवारी ओसरी भरली. मधोमध चुलत सासरे. एका अंगाला आमचे भाऊबंद, दुसऱ्या अंगाला जावई, कानावर पांढरी पट्टी, त्याचे दोन काका, आणि खांबाला टेकून त्याची आई, पदर डोळ्यांना. आम्ही बायका आतल्या दारात. चहाचं आधण ठेवलं होतं. अंगणात जावयाची गाडी लेकीसाठी मागचं दार उघडं ठेवून उभी होती. उन्हानं आत भट्टी झाली असेल.

चुलत सासरे खाकरले. "बोला. हात कोनी उचला?"

मी पदर खोचला आणि उंबऱ्यावर पाय ठेवला. मी ठरवलं होतं की सांगायचं, मीच मारलं, पुन्हा मारीन, आणि पायबिय धरायचे नाहीत. काय व्हायचं ते होवो. पण माझ्या काखेखालून लेक पुढे गेली आणि ओसरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"मी मारं," ती म्हणाली.

"तू?" चुलत सासऱ्यांच्या हातातली सुपारी खाली पडली. "नवराले?"

"हा. वल्हाघाई. डोकामा मारं, कानवर मारं. हात दुखना तवलोंग मारं."

"काब्र मारं?" त्यांनी कारण विचारलं.

"मन्हं मन व्हयनं."

मी तोंड उघडलं. ते फटके माझे होते. आयुष्यात एकदाच मी एवढे मनापासून कुणाला मारले होते, आणि ही पोर ते आपल्या नावावर घेत होती, मला ते सहन होईना. लेकीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी दाराची चौकट धरली आणि गप्प बसले. त्या घरात मी स्वतःहून गप्प बसल्याची ती पहिली वेळ.

चुलत सासरे जावयाकडे वळले. "खरं शे का पाव्हणा?"

जावयानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या काकांकडे. बायकोनं मारलं म्हणावं की बायकोच्या आईनं, एवढ्या दोनच वाटा त्याला होत्या, आणि तो दोन्हींकडे बघून घामेजला. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी होते.

"हा," तो म्हणाला. "तिनीच."

आमचे हे जागेवरून अर्धे उठले. यांना सगळं माहीत होतं. पण स्वतःच्या बायकोनं जावयाचा कान फाडला हे चार लोकांत सांगायचं, तर ते यांच्यानं कसं होणार? हे पुन्हा बसले.

मग त्याच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. "बया वं! हाई मन्हा पोऱ्याले झोपमा मारी टाकी! आमले नको हाई! आमना घरमा पाय नको ठेवू इले!" एक काका उठून उभा राहिला. "नवरावर हात टाकनारी बाई कोन घरमा ठेवी? आम्ही काय मरानं का?" दुसरा म्हणाला, सोडचिठ्ठीचा कागद करून टाका, आजच. आमचे भाऊबंद खाली बघत माना हलवत होते. चुलत सासऱ्यांनी सुपारी उचलली, पुसली, आणि म्हणाले, "आशी बाई नांदाले धाडता येस नही. मोकयं करा पोऱ्याले."

एवढ्यात झालं. हाड मोडलं तेव्हा निवाडा व्हायला दोन वेळा चहा लागला होता. या वेळी आधण उकळलंसुद्धा नव्हतं.

ती माणसं उठली. जावई चपला घालताना दोनदा चुकला. गाडीचं मागचं दार त्याच्या काकानं आदळून बंद केलं. भाऊबंद एकेक करून गेले, कुणी आमच्या यांच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नुसतंच थुंकून गेलं. ओसरीवर आम्ही तिघं उरलो. लेक मधल्या खांबाला धरून तशीच उभी होती. मी जाऊन तिला मागून धरलं.

आमचे हे खाली मान घालून बसले होते. मग यांनी डोकं वर केलं. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"येवढं खोटं काब्र बोलनी तू?" यांनी विचारलं. "सारासना समोर?"

लेकीनं खांब सोडला.

"खरं तं मी चैतमा सांगं व्हतं, आबा," ती म्हणाली. "याच ओसरीवर. सारासना समोर."